जिथे दिवाच नव्हता, तिथे बदलणार काय?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा एक खांब आहे. तिथून आत वळलं की साठ-सत्तर घरं, लूमच्या दोन शेड, एक पिठाची गिरणी आणि शेवटी मशिदीचा मागचा दरवाजा. त्या खांबाच्या पुढे एकही पथदिवा नाही. माझ्या लहानपणापासून नाही. मगरिबनंतर बाहेर पडायचं झालं की अम्मीच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात टॉर्च असायची. आता टॉर्चच्या जागी मोबाईल आहे. रात्रपाळी संपवून येणारे कारागीर, फजरला निघालेले म्हातारे, क्लासहून परतणाऱ्या मुली, सगळे सुखरूप घरी पोचतात, कारण गटारावरची फरशी कुठे तुटली आहे हे त्यांना पाठ आहे. नवा पाहुणा मात्र हमखास पाय घालतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शहरात पथदिवे बदलण्याची योजना आली. मुख्य रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे उतरले, पांढरे एलईडी चढले. उद्घाटन झालं, फलक लागला, फोटो छापून आले. काम वाईट नव्हतं. रस्ता खरंच उजळला. मी पुण्याहून सुट्टीला घरी आलो होतो. अम्मीने विचारलं, "हे आपल्या गल्लीत कधी येणार रे?" म्हणून मी नगरपरिषदेच्या विद्युत विभागात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, ही योजना दिवे बदलायची आहे. तुमच्या गल्लीत दिवाच नव्हता, तर आम्ही बदलणार काय?"

तेव्हा राग आला. पण घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं, की त्या साहेबांनी काही टाळाटाळ केली नव्हती. योजनेचा नियमच त्यांनी सांगितला होता. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये नेण्याचं काम आम्हाला वारंवार करावं लागतं. त्यात एक गोष्ट ठरलेली असते : जे जुन्या नोंदीत नाही, ते नव्या सिस्टिममध्ये येत नाही. पथदिव्यांचंही तसंच झालं होतं. जुनी यादी घेतली, प्रत्येक ओळीसमोर नवा दिवा लिहिला. आमच्या गल्लीची ओळच यादीत नव्हती.

शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ही एका पालिकेची गोष्ट असती तर तक्रार अर्ज पुरला असता. महाराष्ट्रात तुम्ही कुठल्याही गावात हा लेख वाचत असाल, तरी अशी एखादी गल्ली तुम्हाला माहीत असेल. बहुतेक ती तुमचीच असेल.

सात जुन्या दिव्यांत दहा नवे

आधी हे साफ सांगतो, की मी एलईडीच्या विरोधात नाही. उलट पालिकेने वीज वाचवावी आणि त्यासाठी आपण तिला मदत करावी, हेच मला सांगायचं आहे.

हिशोब साधा आहे. छोट्या रस्त्यावर ७० वॅटचा सोडियम दिवा असतो. त्याचा चोकही वीज खातो, म्हणून प्रत्यक्षात खांबावर सुमारे ८५ वॅट खर्च होतात. त्याच जागी ३५ वॅटचा चांगला एलईडी भागतो. म्हणजे दर दिव्यामागे ५० वॅट वाचले. पथदिवा रोज सरासरी ११ तास जळतो, वर्षाचे झाले सुमारे ४,००० तास. ५० वॅट गुणिले ४,००० तास म्हणजे २०० युनिट. एका खांबामागे वर्षाला २०० युनिट. हजार दिवे बदलले तर दोन लाख युनिट. युनिटला सात रुपये धरले तरी वर्षाला १४ लाख रुपये.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू पाहा. ३५ वॅटचा नवा दिवा वर्षाला १४० युनिट खातो. म्हणजे सात जुने दिवे बदलले तर १,४०० युनिट वाचतात आणि तेवढ्याच विजेत दहा नवे दिवे वर्षभर जळतात. नवा खांब आणि वायर यांचा खर्च वेगळा, तो मी लपवत नाही. पण "नवे दिवे लावले तर बिल कोण भरणार?" हा प्रश्न जो आपल्याला दर वेळी ऐकवला जातो, त्याचं उत्तर या गणितात आहे. बिल भरायला लागणारी वीज मुख्य रस्त्यावरच वाचलेली आहे.

केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतली ईईएसएल ही कंपनी तो राबवते. तिने देशभरात १ कोटी ३० लाखांहून जास्त एलईडी पथदिवे बसवले आहेत. या योजनेची कल्पना हुशारीची आहे. पालिकेने सुरुवातीला पैसे घालायचे नाहीत, कंपनीने घालायचे. विजेच्या बिलात जी बचत होईल त्यातून पालिकेने कंपनीला काही वर्षं हप्ते द्यायचे. तिजोरी रिकामी असलेल्या नगरपालिकेला यापेक्षा सोयीचं काय असणार?

पण या पद्धतीत जो दोष आहे तो कागदावर दिसत नाही. सगळं गणित बचतीवर उभं आहे. बचत तिथेच होते जिथे आधी खर्च होत होता. ज्या गल्लीत कधी दिवाच लागला नाही, तिथे वाचवायचं काय? अशा गल्लीत दिवा लावला तर कंपनीच्या वहीत तो निव्वळ खर्च दिसतो. म्हणून ज्या रस्त्यावर उजेड होता तिथे तो वाढतो आणि जिथे अंधार होता तिथे तो राहतो. यात कुणाचा दुष्ट हेतू असावाच लागत नाही. नियम पाळत गेलं तरी निकाल हाच येतो.

अकोल्याचा धडा

महाराष्ट्रात हा प्रयोग एलईडीच्याही आधी झाला आहे, आणि तो आपल्या अकोल्यात झाला. २००७ मध्ये अकोला महानगरपालिकेने साडेअकरा हजारांहून अधिक जुने पथदिवे, त्यात साध्या ट्यूब, मर्क्युरी आणि सोडियमचे दिवे होते, ते काढून टी-५ जातीच्या कमी वीज खाणाऱ्या ट्यूब बसवल्या. पैसे ठेकेदार कंपनीने घातले, सुमारे ५७ लाख रुपये. पथदिव्यांचा वीजवापर निम्म्याहून खाली आला. ५६ टक्के बचत. वर्षाला सुमारे २१ लाख युनिट, म्हणजे अंदाजे ६४ लाख रुपये वाचले. जागतिक बँकेच्या ऊर्जा कार्यक्रमाने शहरांसाठीच्या चांगल्या उदाहरणांत अकोल्याचा अभ्यास छापला. आपल्या एका महापालिकेचं नाव चांगल्या कामासाठी बाहेर गेलं, याचा आनंद मानायलाच हवा.

आता कराराचा तपशील पाहू. घातलेले पैसे वर्षभराच्या आतच वसूल होतील असा हिशोब होता. करार मात्र सहा वर्षांचा होता आणि त्या सहा वर्षांत बचतीतला ९५ टक्के वाटा ठेकेदाराला मिळायचा होता. देखभालीचे पैसे वेगळे. ठेकेदाराने जोखीम घेतली होती, आणि आपल्याकडे पालिकेकडून वेळेवर पैसे मिळणं ही मोठीच जोखीम असते, हे मान्य. पहिलाच प्रयोग होता, हेही मान्य. तरी एक प्रश्न उरतोच. ५७ लाख रुपये उभे करता आले नाहीत म्हणून दर वर्षीच्या ६४ लाखांतला शहराचा हिस्सा पाच टक्के. ती रक्कम पालिकेला स्वतः उभी करता आली असती, किंवा वाटणी साठ-चाळीसची ठरली असती, तर त्या चाळीस टक्क्यांत किती अंधाऱ्या गल्ल्या उजळल्या असत्या?

मी अकोल्याला दोष देत नाही. अकोल्याने निदान मोजून दाखवलं, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो. धडा एवढाच, की दिवा कुठल्या जातीचा यापेक्षा करारात काय लिहिलं आहे हे जास्त महत्त्वाचं. वाचलेला पैसा कुणाचा, हे करारावर सही होण्याआधी ठरतं. सही झाली की फक्त दिवे लागतात.

खांब मोजायला घेतले तेव्हा

साहेबांचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तक्रार घेऊन गेलो नाही. म्हटलं, "तुमच्याकडे पथदिव्यांची पूर्ण यादी आहे का? नसेल तर आम्ही करून देतो." ते जरा चमकले. पहिला प्रश्न आला, "कुठल्या पक्षाचे?" दुसरा, "याचे पैसे किती घेणार?" दोन्हीचं उत्तर नाही असं मिळाल्यावर त्यांनी निवृत्तीला आलेल्या एका वायरमन काकांना आमच्यासोबत दिलं.

आम्ही सात जण होतो. दोन डिप्लोमाची मुलं, एक शिक्षिका, एक मेडिकल दुकानदार, असेच. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला निघायचं, एकेक खांब गाठायचा, मोबाईलवर जागेची नोंद करायची, फोटो काढायचा आणि सहा गोष्टी लिहायच्या : खांब आहे का, फिटिंग आहे का, जळतंय का, कुठल्या जातीचं, कुठल्या स्विचवरून चालतं, पुढचा खांब किती पावलांवर. यासाठी कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक फॉर्म आणि एक एक्सेल शीट, बस.

जे दिसलं त्याने आमचेच डोळे उघडले. रजिस्टरमध्ये असलेले काही खांब जागेवर नव्हते. रस्ता रुंद करताना काढले, नोंद तशीच राहिली. जागेवर असलेले काही दिवे रजिस्टरमध्ये नव्हते. काही खांबांवर नोंद १५० वॅटची आणि दिवा ७० चा. काही रस्त्यांवर भर दुपारी दिवे जळत होते, कारण टायमर बिघडल्यावर कुणीतरी थेट जोडणी करून टाकली होती. आणि हेही लिहिलं पाहिजे, की आपल्याच वस्तीत लग्नाच्या मंडपासाठी पथदिव्याच्या तारेवर टाकलेले आकडे होते. ती वीजही पथदिव्याच्याच खात्यात जाते. पालिकेला जाब विचारताना हे लपवलं तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही.

वायरमन काका एकदा म्हणाले, "बेटा, दिवा चढवायला मला दहा मिनिटं लागतात. रजिस्टरला चढवायला दहा वर्षं." आम्ही हसलो. पण पुढे जेव्हा जेव्हा काम अडलं तेव्हा ते नोंदीपाशीच अडलं.

सगळ्यात उपयोगी ठरली ती आमची शेवटची यादी. ती खांबांची नव्हती, खांब नसलेल्या जागांची होती. ज्या गल्लीत शंभर पावलं चाललं तरी दिवा नाही, अशी प्रत्येक गल्ली आम्ही वेगळ्या पानावर लिहिली. त्या पानावर मुस्लिम मोहल्ले होते, दलित वस्ती होती, भटक्या समाजाची पालं होती आणि शहराच्या कडेला गुंठेवारीत घर घेतलेल्या सगळ्या जातीधर्मांच्या लोकांच्या कॉलन्या होत्या. अंधाराचा प्रश्न एका समाजाचा नाही, गरीब आणि अनधिकृत ठरलेल्या पत्त्याचा आहे. ते पान घेऊन बोलायला गेलो तेव्हा आमच्या सोबत त्या सगळ्या वस्त्यांतली माणसं होती, आणि तिथे पहिल्यांदा आम्हाला बसायला खुर्ची मिळाली.

मेहेरबानी नव्हे, कर्तव्य

"तुमचा लेआउट मंजूर नाही, गल्ली पालिकेच्या ताब्यात नाही," हे उत्तर आपल्या लोकांनी शंभर वेळा ऐकलं आहे. म्हणून कायदा थोडा माहीत असावा.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या कामांची यादी आहे. पथदिवे तिच्यात सतराव्या क्रमांकाच्या नोंदीत स्पष्ट शब्दांत आहेत. महापालिकांसाठी १९४९ चा कायदा आणि नगरपरिषदांसाठी १९६५ चा कायदा, दोन्हींत सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत मोडते. गुंठेवारीतल्या वस्त्या नियमित करून तिथे सुविधा देण्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवलेली आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो अर्ज भरला? आमच्या गल्लीत फार थोड्यांनी. पैसे भरावे लागतात म्हणून टाळलं, आणि मग सुविधा मागताना हात बांधलेले राहिले.

गावात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीची पावती काढून पाहावी. घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या सोबत दिवाबत्ती कराचा रकाना असतो. आपण तो भरतो. तरीही २०२१ मध्ये राज्यातल्या अनेक गावांचे पथदिवे थकबाकीमुळे महावितरणने तोडले आणि बिल ग्रामपंचायतीने भरायचं की सरकारने, यावर वाद सुरू राहिला. गाव मात्र अंधारात होतं. ज्या ग्रामपंचायतीचं बिल निम्मं झालेलं असेल, तिला असा दिवस यायची शक्यताही निम्मी होते. वीज वाचवणं हा पर्यावरणवाल्यांचा शौक नाही, तो आपल्या घरासमोरच्या दिव्याचा विमा आहे.

दिवा लागला म्हणजे काम झालं?

नवा दिवा बसल्यावर काय काय चुकतं, हे आम्हाला हळूहळू समजलं. तुमच्या पालिकेत हे काम येणार असेल तर पुढच्या गोष्टींवर लक्ष ठेवा.

पहिली गोष्ट मीटरची. काही ठिकाणी पथदिव्यांना मीटरच नसतो किंवा बंद पडलेला असतो, आणि बिल जोडलेल्या भारावर अंदाजाने येतं. अशा ठिकाणी दिवे बदलले तरी बिल तेवढंच राहतं. आधी मीटर, मग दिवा. शिवाय जुन्या दिव्यांच्या हिशोबाने मंजूर झालेला भार महावितरणकडे अर्ज करून कमी करून घ्यावा लागतो. तो आपोआप कमी होत नाही. आमच्याकडे तो अर्ज कुणी केलाच नव्हता. महावितरणच्या दरपत्रकात स्वयंचलित टायमर असलेल्या पथदिव्यांना मागणी आकारात सवलतीची तरतूदही राहिली आहे. टायमर बिघडलेला असेल तर दुपारची वीज जाते ती जाते, वर ही सवलतही हातची जाते.

दुसरी गोष्ट देखभालीची. एलईडीचा दिवा पन्नास हजार तास चालतो असं सांगतात. चिप चालतेही. पण आपल्याकडच्या व्होल्टेजच्या चढउतारात आणि पावसाळ्यातल्या विजेच्या झटक्यात आधी मरतो तो त्याचा ड्रायव्हर, म्हणजे आत बसवलेलं वीज नियंत्रित करणारं सर्किट. म्हणून निविदेत सर्ज प्रोटेक्शन किती, वॉरंटी किती वर्षांची, बंद दिवा किती तासांत बदलायचा आणि न बदलल्यास दंड किती, हे लिहिलेलं पाहिजे. उलट बाजूही आहे. अनेक पालिकांनी ईईएसएलचे हप्ते थकवले, मग देखभाल रखडली, आणि लोक म्हणाले एलईडीच वाईट. बिलात वाचलेले पैसे दुसरीकडे खर्च करून टाकायचे आणि हप्ता द्यायचा नाही, असं केलं तर कुठलीही योजना बुडणारच. बचतीच्या रकमेचं खातं वेगळं ठेवलं तर हा खेळ करता येत नाही.

तिसरी गोष्ट उजेडाच्या जातीची. २०१५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी तिथे पिवळसर उजेड परत आला. तेव्हा मला वाटलं होतं, की तिकडे उजेडाच्या रंगावर भांडण आणि इकडे खांबाचा पत्ता नाही. पण रंगाचा मुद्दा खोटा नव्हता. फार पांढरा, निळसर उजेड डोळ्यांवर येतो, मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्यांना जास्त त्रास देतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनेही पथदिव्यांचा रंग ३,००० केल्विन किंवा त्याखालचा, म्हणजे उबदार पिवळसर ठेवावा असा सल्ला दिला. गल्लीत खांब बुटका आणि घर जवळ असतं, तिथे हे जास्त पाळायला हवं. किती उजेड हवा याचंही भारतीय मानक आहे, आयएस १९४४. मोठ्या वाहतुकीच्या रस्त्याला सरासरी ३० लक्स, किरकोळ रहदारीच्या रस्त्याला ४ लक्स. आपल्या गल्लीला फक्त चार लक्स हवेत. तेही आजवर मिळाले नाहीत.

चौथी गोष्ट हायमास्टची, आणि इथे दोष आपल्याकडे जातो. निवडणूक जवळ आली की चौकात हायमास्ट उभा राहतो, त्यावर साहेबांचं नाव लागतं, आपण हार घेऊन जातो. चौक लखलखतो, पण चौकातून वळून आत गेलेल्या गल्लीत त्याचा उजेड घरांच्या भिंतींवर अडतो. त्याचं बिल आणि दुरुस्ती येते पालिकेच्या गळ्यात. त्याच पैशांत आतल्या कितीतरी गल्ल्यांत छोटे दिवे लागले असते. आपण हायमास्ट मागत राहिलो म्हणून आपल्याला हायमास्टच मिळत राहिले.

आपण काय करू शकतो

पालिकेचा विद्युत विभाग म्हणजे बऱ्याच ठिकाणी एक अभियंता, दोन-चार वायरमन आणि एक शिडीची गाडी. त्यांना शिव्या घालून दिवा लागत नाही. त्यांच्याकडे नसलेली गोष्ट त्यांना दिली तर लागतो, आणि ती गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा माहिती.

तुमच्या प्रभागात पाच-सात जण जमा करा. त्यात निदान दोन बाया असू द्या, कारण कुठल्या वळणावर भीती वाटते हे त्यांना माहीत आहे आणि आम्हा पुरुषांना ते खांब मोजून कळत नाही. दोन संध्याकाळी फिरून यादी करा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून पथदिव्यांचं रजिस्टर, गेल्या बारा महिन्यांची बिलं आणि ठेकेदारासोबतच्या कराराची प्रत मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो, म्हणून तिन्हीसाठी वेगळे अर्ज करणं बरं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मग तुमची यादी आणि त्यांचं रजिस्टर समोरासमोर ठेवा. जिथे जुळत नाही, तिथून बोलणं सुरू होतं.

पालिकेला ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचं असेल तर राज्य सरकारची महाऊर्जा ही संस्था पुण्यात आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ नुसार राज्यासाठी नेमलेली संस्था तीच. नव्या खांबांसाठी वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान असे मार्ग आहेत. अंदाजपत्रक मंजूर व्हायच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच निवेदन गेलं पाहिजे. मार्चमध्ये गेलेलं निवेदन पुढच्या वर्षाच्या फायलीत जातं.

आणि मागणी एकच ठेवा, सगळ्यांनी मिळून ठेवा : दिवे बदलण्याच्या कुठल्याही ठरावात आणि करारात एक कलम असावं, की होणाऱ्या बचतीचा ठरावीक हिस्सा ज्या गल्लीत आजवर दिवा नाही तिथे नवे दिवे लावण्यासाठी राखून ठेवला जाईल आणि त्या गल्ल्यांची यादी कराराला जोडली जाईल. जो इतकी वर्षं अंधारात चालला, त्याचा त्या बचतीवर पहिला हक्क आहे.

आमच्याकडे काय झालं ते सांगून थांबतो. भार कमी करण्याचा अर्ज गेला आणि मंजूर झाला. दुपारी जळणारे दिवे बंद झाले. आमच्या अंधाऱ्या गल्ल्यांच्या पानावरच्या काही गल्ल्यांत खांब उभे राहिले. पहिला दिवा पालांच्या वस्तीत लागला, तिथे गरज जास्त होती. वायरमन काका निवृत्त झाले. आमची गल्ली अजून अंधारात आहे. पण मागच्या खेपेला गेलो तेव्हा साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. आमच्या गल्लीचं नाव त्यात आहे, अनुक्रमांकासह, शेरा "प्रस्तावित". अम्मीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "कागदावर लागला ना, आता खांबावर लागेपर्यंत पिच्छा सोडू नकोस."

पुढच्या महिन्यात अंदाजपत्रकाची सभा आहे. आम्ही जाणार आहोत. तुमच्या गावातली सभा कधी आहे, ते आजच विचारून ठेवा.